गेट पडण्याआधी ऐकून ठेव

स्पॉन्सर कसा मिळतो आणि मोटोक्रॉसमध्ये पोट भरतं का, हे दोन प्रश्न तू एका दमात विचारलेस. मी उत्तरं सुटी सुटी देतो. स्पॉन्सर मिळतो, पण नुसत्या वेगावर क्वचितच मिळतो. पोटाचं म्हणशील, तर आपल्या देशात फक्त गाडी पळवून घर चालवणारे रायडर बोटांवर मोजण्याइतके आहेत. मात्र रेस करता करता ज्याने हातात काही कसब बाणवलं, त्याला या खेळाच्या अवतीभवती काम मिळतं आणि ते टिकतं. माझी हयात रेसच्या गाड्या बांधण्यात आणि तुझ्या वयाची पोरं गेटवर उभी करण्यात गेली. त्या काळात जे उपयोगी पडताना पाहिलं, तेवढंच सांगतो. आवडो न आवडो, लक्षात ठेव.

आधी मैदान केवढं आहे ते बघ

आपल्याकडे मातीतल्या रायडरला करारावर घेणाऱ्या कंपन्यांच्या टीम म्हटलं की मुख्यतः दोन नावं येतात. टीव्हीएस रेसिंग १९८२ पासून आहे आणि हिरो मोटोस्पोर्ट्स २०१६ मध्ये उभी राहिली. त्यातही हिरोच्या डकार रॅलीच्या टीमकडे पाहिलंस, तर बहुतेक रायडर परदेशी दिसतील. म्हणजे जागा थोड्या आणि रांग मोठी.

त्या जागांवर पोचलेल्यांची वाट नीट बघ. बेंगळुरूचा सी. एस. संतोष मोटोक्रॉस-सुपरक्रॉसच्या मातीतून वर आला आणि २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. त्या वर्षी तो ३६ वा आला. टीव्हीएसचा के. पी. अरविंद २०१९ मध्ये ३७ वा आला. केरळमधल्या शोरनूरचा हरिथ नोहा राष्ट्रीय सुपरक्रॉस अनेकदा जिंकून मग रॅलीकडे वळला. २०२१ च्या डकारमध्ये तो २० वा आला आणि २०२४ मध्ये रॅली-२ गटात पहिला, एकूणात ११ वा. ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये जागतिक संघटना एफआयएमच्या बाहा वर्ल्ड कपमध्ये महिलांचा किताब जिंकला. या सगळ्यांकडून घ्यायचा धडा एकच. भारतात मोटोक्रॉस हा बहुतेकांसाठी पाया आहे. कारकिर्दीची इमारत चढते ती रॅलीत. त्यामुळे टेबलटॉप आणि व्हूप्स हे ट्रॅकवरचे उंचवटे घोटत असतानाच लांब पल्ला, रोडबुक म्हणजे मार्गाची नोंदवही वाचणं आणि वाटेत स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणं यांच्याशीही ओळख करून घे. एखादी रॅली स्प्रिंट जवळ भरली की नाव दे.

अलीकडे लीगचं दार उघडलंय. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा पहिला मोसम जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुरू झाला आणि पुढे अहमदाबाद, बेंगळुरूला गेला. लीगच्या नावाआधी सिएट या टायर कंपनीचं नाव होतं. परदेशी रायडरांच्या ४५० आणि २५० सीसी गटांबरोबर भारत-आशियाचा २५० सीसी गट होता आणि मुलांसाठी ८५ सीसीचा गटही होता. हजारो माणसं दिव्यांच्या उजेडात मातीची शर्यत बघतात, हे आपल्याकडे घडलं, याचा मला फार आनंद आहे. तरीही सांगतो, लीगच्या एका मोसमावर आयुष्याचा आराखडा बेतू नकोस. लीग हे स्वतःला दाखवण्याचं ठिकाण आहे, तिथे पोचण्याआधीची पाच-सहा वर्षं तुला स्वतःच निभवायची आहेत.

राजाश्रयाचे दिवस गेले

शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला. खुराक दिला, तालीम दिली, मान दिला. मल्लाने कुस्ती मारायची, बाकीची काळजी दरबाराची. आपल्या मराठी मनात प्रायोजकाची कल्पना अजून तशीच आहे आणि म्हणून पोरं दुकानदारापुढे हात पसरून उभी राहतात. टायरवाला, ऑइलवाला, हेल्मेटवाला हा राजा नाही. तो धंदा करतो. त्याने तुला दोन टायर दिले, तर त्या बदल्यात चार टायर जास्त खपतील, किंवा त्याचं नाव चार जणांच्या तोंडी जाईल, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती अपेक्षा रास्त आहे आणि ती पुरी करणं हे तुझं काम आहे.

तू मोबाइलवर अमेरिकेतल्या पोरांचे व्हिडिओ बघतोस. तिथे टेनेसी राज्यात हरिकेन मिल्स नावाचं गाव आहे. तिथल्या लोरेटा लिन या गायिकेच्या रँचवर १९८२ पासून दर उन्हाळ्यात हौशी रायडरांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. पात्रता फेऱ्या पार करून, पार ५० सीसीवरच्या चिमुरड्यांपासून सगळे तिथे येतात आणि कंपन्यांची माणसं कडेला उभी राहून बघतात. कावासाकीची टीम ग्रीन १९८१ पासून अशाच हौशी रायडरांच्या पाठीशी आहे. तिथे आणखी एक पद्धत चालते. कंपनीची गाडी किंवा माल वापरून अमुक क्रमांक काढला, की ठरलेली रक्कम मिळते. म्हणजे तिथे सवलत, मग सुटे भाग, मग गाडी, मग पगार, अशा सगळ्या पायऱ्या बांधलेल्या आहेत.

आपल्याकडे मधल्या बऱ्याच पायऱ्या नाहीत. त्यामुळे सुरुवात जवळून करायची. तालुक्यातलं टायरचं दुकान, ज्या गॅरेजमध्ये गाडी जाते ते गॅरेज, रायडिंग गिअर विकणारा, कॉलेज, व्यायामशाळा, वडिलांच्या ओळखीचा उद्योजक. मोठ्या कंपनीचा विपणनवाला तुझं नाव ऐकण्याआधी तुझ्या गावाने ऐकलेलं असावं लागतं.

आणि हे नीट समजून घे की स्पॉन्सरशिप म्हणजे दर वेळी रोख रक्कम नसते. पहिल्यांदा हाती येते ती सवलत. ऑइल खरेदीच्या भावात, टायर कमी दरात, सर्व्हिसिंगची मजुरी माफ. याला कमी लेखू नकोस. वर्षभराच्या खर्चातून चेन-स्प्रॉकेट आणि मागचे टायर वजा झाले, तर एका फेरीची प्रवेश फी सुटते.

लायसन्सशिवाय चाक फिरवू नकोस

देशातल्या मोटरस्पोर्टचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाकडे, म्हणजे आपण ज्याला एफएमएससीआय म्हणतो तिच्याकडे आहे. तिचं स्पर्धा लायसन्स काढ. वैद्यकीय तपासणी खरीखुरी करून घे. ओळखीच्या डॉक्टरकडून नुसता शिक्का आणू नकोस.

जत्रेत, वाढदिवसाच्या निमित्ताने किंवा कुणाच्या तरी शेतात जेसीबीने चार उंचवटे उठवून शर्यती भरतात. बक्षिसाची रक्कम मोठी असते आणि मोह होतो. तिथे जाण्याआधी एवढंच विचार: मान्यता आहे का? रुग्णवाहिका उभी आहे का? उतरणीच्या पलीकडे पिवळा झेंडा धरणारा माणूस आहे का? विमा आहे का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर गाडी उतरवूच नकोस. मान्यता नसलेल्या ठिकाणी पडलास तर हाड मोडेल, विमा मिळणार नाही आणि लायसन्सवरही गदा येईल. शिवाय तिथला चषक कुठल्याच मोठ्या स्पॉन्सरला दाखवता येत नाही.

जमीन विकून गाडी घेऊ नकोस

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केटीएमने आपल्या मोटोक्रॉसच्या गाड्या भारतात अधिकृतपणे आणल्या. मुलांच्या ६५ एसएक्सची किंमत तेव्हा साडेपाच लाखांच्या आसपास होती आणि २५० एसएक्स-एफ साडेनऊ लाखांच्या वर. या गाड्यांना पासिंग नाही, म्हणजे रस्त्यावर चालवता येत नाहीत. सरावाला गाडी न्यायची तरी छोटा हत्ती टेम्पो भाड्याने करावा लागतो. त्यानंतर सुटे भाग, त्यांची वाट पाहणं, इंजिनाचं काम. गाडीची किंमत हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता आहे.

म्हणून देशी गाड्यांच्या नोव्हिस गटातून सुरुवात कर. हिरोच्या एक्सपल्ससारखी गाडी घेऊन सस्पेन्शन तुझ्या वजनाला जुळवून घे, हँडल आणि फूटपेग मजबूत बसव आणि दोन मोसम त्याच गाडीवर काढ. जड, कमी ताकदीच्या गाडीवर ज्याला लय सापडली, त्याला हलकी गाडी मिळाल्यावर फार शिकवावं लागत नाही. आणि आपल्या कंपन्यांना आपल्याच गाड्या जिंकवणारे रायडर हवे असतात, हेही लक्षात असू दे.

दर फेरीचा हिशेब वहीत मांड. प्रवेश फी, पेट्रोल, डिझेल, टेम्पो, राहणं-जेवण, मेकॅनिकचा भत्ता, टायर, ऑइल, मोडतोड. ही वही पुढे स्पॉन्सरपुढे ठेवायची आहे. ज्याला स्वतःच्या मोसमाचा खर्च सांगता येत नाही, त्याच्यावर पैसे लावायला कुणी धजावत नाही.

पत्र एका पानाचं, मागणी नेमकी

‘मला रेसिंगची लहानपणापासून आवड आहे, कृपया मदत करावी’ अशी पत्रं मी ढिगाने पाहिली. ती वाचली जात नाहीत. पत्र साधारण असं लिही:

‘मी साताऱ्याचा, वय १९, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या मोसमात राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या नोव्हिस गटात चार फेऱ्या खेळलो. निकाल सोबत जोडले आहेत. येत्या मोसमात सहा फेऱ्या खेळणार आहे. त्यासाठी मागचे सहा टायर लागतील. ते आपण खरेदीच्या भावात द्यावेत, ही विनंती. त्या बदल्यात गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि जर्सीच्या छातीवर आपलं नाव राहील. प्रत्येक फेरीनंतर फोटो आणि टायरची झीज यांचा अहवाल पाठवीन. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्या दुकानात येऊन ग्राहकांना गाडी दाखवीन.’

बघ यात काय आहे. तू कोण, कुठवर आलास, काय हवं, किती हवं आणि बदल्यात काय देणार. दुकानदाराला गल्ल्यावर बसल्या बसल्या हो किंवा नाही म्हणता येतं. निकाल खरे लिही. सातवा आलास तर सातवा लिही. पाच मिनिटांत ज्याची शहानिशा होते, ते खोटं लिहिणारा पोरगा एका फोनमध्ये संपतो. सातव्यावरून पाचव्यावर, पाचव्यावरून तिसऱ्यावर, अशी चढती कमान दिसली तर जाणकार माणूस त्यालाच जास्त किंमत देतो.

पत्र मोसम सुरू होण्याआधी बरंच अगोदर दे. कंपन्यांचं वर्षाचं बजेट आधीच ठरलेलं असतं. पहिल्या फेरीच्या आदल्या आठवड्यात मागितलेली मदत ही अडचणीतली उसनवारी वाटते. आणि पत्र स्वतः नेऊन दे. नकार मिळाला तर आभार मान आणि मोसम संपल्यावर निकाल घेऊन त्याच दारात पुन्हा जा. दुसऱ्या वर्षी उघडलेली दारं मी बरीच पाहिली आहेत.

रेस संपली की स्पॉन्सरचं काम सुरू होतं

पोडियमवर चढताना जर्सी आणि टोपी घातलेली असू दे. मुलाखतीत दोन वाक्यं बोलायला मिळाली, तर त्यातलं एक आधार देणाऱ्याचं. दोन दिवसांच्या आत फोटो आणि चार ओळींचा अहवाल पाठव. हरलास तरी पाठव. किंबहुना हरल्यावर नक्की पाठव, कारण बहुतेक पोरं नेमकी तेव्हाच गप्प होतात आणि स्पॉन्सरला वाटतं, आपले पैसे पाण्यात गेले.

पॅडॉकमध्ये तुझी गाडी कशी उभी आहे, तू मार्शलशी कसा बोलतोस, हरल्यावर हेल्मेट आपटतोस का, हे सगळं कुणीतरी बघत असतं. टायर आणि ऑइल कंपन्यांचे प्रतिनिधी तिथे निवांत हिंडत असतात. त्यांना पुढच्या वर्षी कुणाला घ्यायचं, याचा अंदाज लॅपटाइमच्या कागदाइतकाच या गोष्टींवरून येतो. शिवराळ पोराला कंपनी आपलं नाव छातीवर लावू देत नाही. सोशल मीडियाचंही तसंच. सरावाचे, गाडीच्या कामाचे, माती कशी वाचायची याचे छोटे व्हिडिओ टाक. महामार्गावर एका चाकावर गाडी उचललेला व्हिडिओ एकच असला, तरी सगळ्यावर पाणी पडतं.

आज या ब्रँडचा, उद्या त्याच्या स्पर्धकाचा असा उड्या मारणारा होऊ नकोस. आपल्या खेळाचं जग छोटं आहे. चेन्नईतला माणूस पुण्यातल्या माणसाला फोन करून विचारतो, ‘पोरगा कसा आहे?’ त्या फोनवर काय सांगितलं जाईल, ते तुझ्या वागण्यावर ठरतं.

सही करण्याआधी

तोंडी आश्वासनावर मोसम आखू नकोस. साध्या ईमेलवर का होईना, ठरलेलं लिहून घे. काय देणार, कधी देणार, किती फेऱ्यांसाठी. मग बारीक गोष्टी बघ. गाडी कंपनीची असेल तर पडल्यावर दुरुस्तीचा खर्च कुणाचा? हाड मोडून तीन महिने घरी बसलास तर करार चालू राहतो की संपतो? तुझे फोटो ते किती वर्षं वापरणार? दुसऱ्या कुठल्या मालाची जाहिरात करायला बंदी आहे का? करार मध्येच सोडला तर काही परत द्यावं लागेल का? एखादा ‘मॅनेजर’ आधी पैसे भरायला सांगत असेल, तर तिथेच नमस्कार करून बाहेर ये.

१८ पेक्षा लहान असलेल्या मुलाला करार करता येत नाही, १८७२ चा करार कायदा तसं सांगतो. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत पालकांनीच वाचून सही करायची. आणि कराचं विसरू नकोस. जुलै २०२२ पासून, धंदा किंवा व्यवसायापोटी वर्षाला २० हजारांपेक्षा जास्त किमतीचा लाभ वस्तूरूपात दिला, तरी देणाऱ्या कंपनीला १० टक्के कर कापावा लागतो. फुकट मिळालेले टायर आणि हेल्मेटसुद्धा त्या हिशेबात येऊ शकतात. कंपनी पॅन कार्ड मागेल तेव्हा गोंधळू नकोस. गावातल्या सीएकडे एकदा जाऊन बस.

फिल्टर धुणारा रायडर

नवीन पोरगा आला की मी आधी त्याचा एअर फिल्टर उघडतो. बाकी काही विचारायची गरज पडत नाही. आपल्याकडचा मुरूम आणि लाल धूळ पिठासारखी बारीक असते. ती फोमच्या कडेवरून आत शिरली की पिस्टन-सिलिंडर घासून खाते. म्हणून प्रत्येक सरावानंतर फिल्टर काढायचा. पेट्रोलने धुवायचा नाही, त्याने फोम आणि त्याचा जोड कुजतो. फिल्टर क्लीनरमध्ये हलक्या हाताने दाबत धुवायचा, पिळायचा नाही. मग साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा. त्यानंतर फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं मुरवायचं आणि बसवताना कडेला ग्रीसचं बोट फिरवायचं. आतल्या नळीत बोट घालून बघायचं. बोटाला धूळ लागली तर बसवणं चुकलंय.

हे सगळं स्पॉन्सरशिपच्या गोष्टीत का सांगतोय, तर गाडी देणारा माणूस परत आलेल्या गाडीवरून रायडर ओळखतो. स्पोक घट्ट, चेनचा ताण बरोबर, फिल्टर स्वच्छ, इंजिनाच्या तासांची नोंद ठेवलेली, अशी गाडी परत दिलीस तर पुढच्या वर्षीची गाडी जवळजवळ ठरलेली समज. रेसची इंजिनं किलोमीटरवर नाही, तासांवर चालतात. हँडलजवळ तासाचं मीटर बसव आणि पिस्टन कंपनीने सांगितलेल्या तासांना बदल. अजून चालतेय म्हणून ओढत नेलेलं इंजिन उडीच्या तोंडाशी बंद पडतं.

शरीर आणि विमा

संतोष २०२१ च्या डकारमध्ये पडला, तेव्हा डॉक्टरांना त्याला औषधाने बेशुद्ध ठेवावं लागलं. हरिथ नोहाला २०२३ मध्ये जखमी होऊन शर्यत सोडावी लागली आणि पुढच्याच वर्षी तो आपल्या गटात जिंकला. हे देशातले सर्वोत्तम रायडर आहेत. म्हणजे पडणं हे नवखेपणाचं लक्षण नाही, ते या खेळात गृहीतच आहे. तयारी त्या हिशेबाने ठेव.

पैसे कमी असतील तर ग्राफिक्स किट घेऊ नकोस. हेल्मेट, बूट, नी-ब्रेस, छातीचं आणि मानेचं संरक्षण आधी घे. मार बसलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बदल. डोक्याला मार लागून भोवळ आली असेल तर त्या दिवशी पुन्हा गेटवर उभं राहायचं नाही, मग स्पॉन्सर स्टँडमध्ये बसलेला का असेना. खरा स्पॉन्सर थांब म्हणतो. जो चालव म्हणतो, त्याचं स्टिकर त्याच संध्याकाळी काढून टाक.

हात भरून येतात, ब्रेकवर बोट थांबत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा गाडी घट्ट आवळून धरल्यामुळे आणि पाय-कंबर कच्ची असल्यामुळे असते. गुडघ्यांनी टाकी धर, सायकल चालव, टेकडी चढ, पोह. शर्यतीत नाडी बराच वेळ टिपेला असते. नुसत्या जिममधल्या दंडांनी ती सांभाळली जात नाही.

घरच्या मेडिक्लेमचे कागद आज रात्री काढून वाच. आपल्या विम्याच्या प्रमाणित अटींत असं कलम असतं की धोक्याच्या किंवा साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या इजेचा खर्च मिळणार नाही. त्यात मोटर रेसिंगचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. तू हौशी आहेस, पण स्पॉन्सरचे पैसे घ्यायला लागलास की प्रश्न उभा राहू शकतो. विमा कंपनीकडून लेखी उत्तर घे. लायसन्स आणि स्पर्धेसोबत येणारा विमा किती रकमेचा आणि कशासाठी, तेही वाच. उरलेल्यासाठी वेगळा अपघात विमा बघ.

दुसरा हात कसबाला लाव

पदवी किंवा आयटीआय अर्धवट सोडून रेसिंग करू नकोस. ही भीती घालत नाही, हिशेब सांगतो. कंपनीच्या टीमची जागा मिळाली तरी ती काही वर्षांची असते. त्यानंतरचं आयुष्य मोठं आहे आणि त्या आयुष्यातही हाच खेळ तुला भाकरी देऊ शकतो.

सस्पेन्शन शीक. वजनानुसार स्प्रिंग बदलणं, फोर्कचं ऑइल आणि व्हॉल्व्हिंग जुळवणं हे नीट करणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत आणि लांबच्या ॲडव्हेंचर गाड्या घेणारे दरवर्षी वाढताहेत. गाड्या तपासणाऱ्या रायडरची नोकरी हाही मार्ग आहे. चाकणला बजाजचा कारखाना आहे, तिथेच केटीएम बनते. पुण्यात गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आहे. गाडी पळवून झाल्यावर ‘मागून उसळते’ एवढंच सांगणारा आणि ‘तिसऱ्या उंचवट्यानंतर रिबाउंड लवकर सुटतो’ असं सांगणारा, यांच्या पगारात फरक असतो. म्हणून सरावानंतर जाणवलेलं शब्दांत लिहायची सवय लाव.

शिकवणं हाही चांगला व्यवसाय आहे. संतोषने कोलारजवळ बिगरॉक डर्टपार्क उभारलं आणि तिथे शिकायला देशभरातून लोक जातात. लडाख-स्पितीच्या सहली नेणारे, मातीचे ट्रॅक बांधणारे, समालोचक, मार्शल आणि शर्यतीचे अधिकारी, सगळ्यांची गरज आहे. गोव्यात वागातोरला भरणाऱ्या मोटोव्हर्ससारख्या बाइकस्वारांच्या मेळाव्यांतही मातीच्या शर्यती होतात. तिथे हिंड, ओळखी कर, हात मळव.

सरकारी नोकरीच्या खेळाडू कोट्याचं गणित मनात धरून या खेळात येऊ नकोस. कार रॅलीतल्या गौरव गिलला २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला तो पहिला. मान वाढतोय, पण वाट अजून अरुंद आहे. तुझ्या पात्रतेचा नेमका नियम क्रीडा अधिकाऱ्याकडून लेखी घे आणि मगच त्यावर विसंब.

मुलींना वेगळं सांगण्यासारखं एवढंच. महिलांचा गट भरतो, त्यात जरूर खेळा, पण सराव सगळ्यांत वेगवान असणाऱ्याबरोबर करा, मग तो मुलगा असो की मुलगी. आणि ‘मुलगी आहे म्हणून फोटो’ एवढंच मागणाऱ्या स्पॉन्सरकडे टायरही मागा आणि सरावाचा खर्चही.

तुझ्या आईवडिलांना हे वाचून दाखव

मूल आठ-दहा वर्षांचं असताना त्याच्या अंगावर स्पॉन्सरचं ओझं टाकू नका. त्याला गाडी आवडते की तुमची टाळी, हे आधी बघा. घरी येताना गाडीत निकालाबद्दल बोलू नका, जेवण झाल्यावर बोला. शाळा, सराव आणि विश्रांती यांचा आठवडा कागदावर मांडा. कर्ज काढायचं असेल तर मोसम हरला तरी फेडता येईल एवढंच काढा. तुमच्या लेकराला पुढे नेण्यासाठी घर गहाण मागणारा कुणीही त्याचा हितचिंतक नसतो.

आणि तू, बाळा, पुढच्या मोसमाआधी तीन कामं कर. लायसन्स काढ, गेल्या वर्षाचा खर्च वहीत उतरव आणि एका दुकानदाराला एका पानाचं पत्र स्वतः नेऊन दे. तीन मोसम मनापासून खेळ. तिसऱ्या मोसमाअखेरीस निकाल चढते असतील आणि घर कर्जात नसेल, तर पुढे जा. नसतील तर हौस म्हणून खेळत राहा आणि कसबावर पोट भर. यात कमीपणा नाही. या खेळातली निम्मी चांगली माणसं तशीच आहेत.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं टायरचं, ऑइलचं, गाड्यांचं दुकान असेल, तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. असं एखादं पोरगं पत्र घेऊन आलं तर त्याला बसवा, दोन टायर द्या आणि त्याच्याकडून हिशेब मागा. आपल्याकडच्या पायऱ्या कंपन्यांनी बांधायची वाट बघण्यात वर्षं गेली. त्या गावातल्या दुकानदारांनीच बांधाव्या लागतील.